पहिलं पाणी

"ऊठ आधी तिथून! ऊठ म्हणतो ना!"

त्या घरात तो पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने बोलला होता. शेडमध्ये पसरलेल्या कोऱ्या भुशावर पाय लांब करून बसलेली त्याची बायको दचकली, तिच्या ओल्या मुठीतलं पिवळं पिल्लू चिवचिवलं, आणि समोर पाण्याचं पसरट भांडं घेऊन बसलेल्या सासऱ्यांनी मान वर करून त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तो होता तिथेच थबकला!

"आवाज खाली, जावईबापू," बाबा म्हणाले. "पिल्लं बुजतात."

"बाबा, तिचे दिवस भरत आलेत... आणि त्या पाण्यात..."

"त्या पाण्यात काय?"

त्याने बायकोकडे पाहिलं. पोटाच्या भाराने ती जराशी मागे रेलली होती, कपाळावर भुशाचे कण चिकटले होते आणि ओठांवर हसू होतं. नवऱ्याचं हे नवंच रूप पाहून तिला गंमत वाटत होती. "पाण्यात काय हो?" तिनेही विचारलं.

"गार आहे पाणी," तो पुटपुटला. "सर्दी होईल तुला."

ती खळखळून हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी पुढचं पिल्लू उचललं, दोन बोटांत त्याचं डोकं धरून चोच अलगद पाण्यात बुडवली आणि त्याला दिव्याच्या उबेत सोडून दिलं. तो तसाच उभा राहिला, आणि मग खाद्याची पोती मोजण्याचं निमित्त काढून बाहेर निघून गेला.

घरजावयाचं बोलणं असंच असतं... अर्ध्यात तुटलेलं. लग्न होऊन तो या घरात आला तेव्हा बायकोला बापाशिवाय मागे-पुढे कुणी नव्हतं. आई लहानपणीच गेलेली, आणि बापाला मुलीवाचून घास गोड लागत नव्हता. "मीच येतो तुमच्याकडे," असं तो आपण होऊन म्हणाला होता. लोकांनी तोंडावर कौतुक केलं आणि पाठीमागे टिंगल केली. पोल्ट्रीवरचे कामगार, खाद्याच्या टेम्पोचा ड्रायव्हर, पक्षी उचलणारा व्यापारी, सगळे त्याला 'जावईबापू' म्हणू लागले, आणि हळूहळू त्याचं स्वतःचं नाव त्या अंगणातून असं हद्दपार झालं, की कुणी चुकून हाक मारली तर त्यालाच वळायला वेळ लागायचा. जावईबापूंनी शेड झाडायचं, जावईबापूंनी मेलेले पक्षी खड्ड्यात पुरायचे, जावईबापूंनी जनरेटर चालू करायचा. फक्त मत तेवढं जावईबापूंनी द्यायचं नाही!

पहिलं पाणी हा त्या घराचा मान होता. पिल्लांची नवी बॅच आली, की प्रत्येक पिल्लाची चोच एकदा तरी हाताने पाण्यात बुडवावी लागते, म्हणजे त्याला प्यायचं कळतं. इतर ठिकाणी हे काम कामगार करतात. बाबांनी ते कामगारांना कधी करू दिलं नाही. "आईविना आलेली लेकरं आहेत ती," ते म्हणायचे, "पहिला घोट घरच्या हातचा पाहिजे." आधी त्यांची बायको बसायची. ती गेल्यावर परकरातली मुलगी बसू लागली, आणि तेव्हापासून एकही बॅच तिच्या हाताशिवाय पाणी प्यायली नव्हती.

आणि त्या पाण्यात बाबा पावडर टाकत. अँटिबायोटिकची पावडर.

जावयाने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्याला वाटलं, पक्षी आजारी असतील. पण पक्षी ठणठणीत होते. पावडर पहिल्या पाण्यात पडे, मग रोजच्या पाण्यात चिमूट चिमूट, मग खाद्यात चिमूट चिमूट, अगदी व्यापाऱ्याची गाडी दारात येईपर्यंत. आजार येण्याआधीच औषध! बाबांच्या मनात त्यात पाप नव्हतं. साथीत एकदा शेडच्या शेड आडवी झालेली त्यांनी पाहिली होती, आणि त्या दिवसापासून त्यांना मरणाची अशी धास्ती बसली होती, की जगण्यालाच ते रोज औषध पाजत होते. पण बाजारात त्यांचा पक्षी 'बिनऔषधाचा' म्हणून नावाजलेला होता. म्हणून पावडर कुलपात राहायची, आणि मुलीला तिचा पत्ताही नव्हता.

पशुवैद्य येऊन स्पष्ट सांगून गेले होते, "गरज नसताना औषध देऊ नका, आणि पोटुशी बाई शेडमध्ये नको." जावयाने धीर करून तो विषय काढला. बाबांनी शांतपणे विचारलं, "हे घर कुणाचं, जावईबापू?"

विषय तिथेच संपला. आणि तो गप्प बसला, हाच त्याचा अपराध! पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला हेच बजावत राहिला, की त्या दिवशी शेडमध्ये आपण बायकोला हात धरून उठवायला हवं होतं, सासऱ्याची गेलेली मर्जी परत मिळवता आली असती... पण तसं झालं नाही, खरं.

मुलगी झाली. इवलीशी, गुबगुबीत, सारखं चोच वासल्यासारखं तोंड उघडणारी. आजोबांनी तिला पाहताच "पिल्लू!" म्हटलं आणि तेच नाव पडलं. घर नुसतं उजळून निघालं. आणि त्या उजेडाला नजर लागावी तसा बाळंतिणीला ताप भरला.

आधी वाटलं, दूध दाटलं असेल. मग टाके लाल झाले, मग त्यांतून पू येऊ लागला, मग अंग असं भाजू लागलं, की कपाळावर ठेवलेली ओली पट्टी बघता बघता कोरडी पडायची. पुन्हा दवाखान्यात नेलं. एक औषध झालं, दुसरं झालं, सलाईनच्या नळीतून तिसरं गेलं. ताप तसूभर हटेना. ती ग्लानीतून मधेच जागी व्हायची, "पिल्लू कुठंय?" विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आत पुन्हा बुडून जायची.

डॉक्टरीणबाई वयस्कर, कमी बोलणाऱ्या. त्या खुर्ची ओढून पलंगापाशी बसल्या. बाबा उशाशी उभे होते, तो पायथ्याशी.

"जंतू रक्तात गेलेत," बाई म्हणाल्या. "आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. तुमची पोल्ट्री आहे ना? पक्ष्यांना काय काय औषध देता ते नावानिशी सांगा. जी औषधं तिथे रोज वापरली असतील ती इथे कामाची नाहीत. रिपोर्ट यायला वेळ आहे, आणि हिच्याकडे वेळ नाहीये."



"आमच्याकडे औषधाचा थेंब नसतो, डॉक्टर," बाबा म्हणाले. "कुणालाही विचारा."

"खरंय..." पलंगावरून क्षीण आवाज आला. तिने डोळे उघडले होते. "माझे बाबा... असलं काही... कधीच करायचे नाहीत."

त्या विझत चाललेल्या चेहऱ्यावर एवढी एकच गोष्ट अजून तेवत होती... बापावरचा विश्वास! जावयाने सासऱ्याकडे पाहिलं. त्या दांडग्या माणसाचा चेहरा राखेसारखा झाला होता; ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता. आणखी थोडा वेळ दिला असता तर कदाचित फुटलाही असता. पण वेळच तर नव्हता! तो पुढे झाला. जावयाने पावडरीचं नाव सांगितलं. दुसऱ्या पावडरीचं सांगितलं. पाण्यात किती, खाद्यात किती, तेही सांगितलं. डॉक्टरीणबाई भराभर लिहून घेत होत्या.

"थोडं थोडं, रोज?" त्यांनी मान वर केली आणि त्यांचा संयम सुटला. "अहो, त्याने जंतू मरत नाहीत! मरतात ते दुबळे. निगरगट्ट तेवढे उरतात, आणि मग त्यांचंच गोकुळ होतं. तुम्ही त्यांना मारलं नाहीत, चांगली तालीम दिलीत! तेच हातावरून, पाण्यातून घरात आले."

"कुणी... कुणी घातलं?" पलंगावरून प्रश्न आला. तिची नजर एकदा नवऱ्याकडे गेली, एकदा बापाकडे.

"मी," तो म्हणाला. "बाबांना न सांगता मीच घालत होतो. पक्षी लवकर वजनाला भरावेत म्हणून."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तापाने चकाकणाऱ्या त्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी जुळत गेलं. "म्हणून उठवत होतात मला... त्या दिवशी," ती कुजबुजली. "तुम्हाला ठाऊक होतं, पाण्यात काय आहे..."

त्याने मान खाली घातली. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. ते तेव्हा वळले असते, नुसता हात जरी वर केला असता... पण नाही वळले.

एकच औषध उरलं होतं. जुनं, कडक. "जीव वाचेल," डॉक्टरीणबाईंनी बाहेर बोलावून सांगितलं, "पण हे औषध फुकट काही देत नाही. मूत्रपिंडावर येतं, कानांवर येतं. आम्ही जपून देऊ. तरी सांगून ठेवते." बाबा "नको, नको... दुसरं काही बघा" असं लहान मुलासारखं म्हणत राहिले. दुसरं काही नव्हतं. सही नवऱ्याने केली.

तिचा ताप उतरला त्या दिवशी सकाळचं ऊन थेट पलंगावर आलं होतं. ती उशीला टेकून बसली, तिने पेजेचे दोन घोट घेतले, आणि त्याला वाटलं, आता हिने मला जन्मभर शिव्या दिल्या तरी चालतील! नर्सने पिल्लूला आणून तिच्या शेजारी ठेवलं. पिल्लू भुकेलेली होती. तिने मुठी आवळल्या, तोंड लालबुंद केलं आणि असा टाहो फोडला, की शेजारच्या खोलीतली माणसं डोकावून गेली.

आईने झोपाळू डोळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, जरा जास्तच मोठ्याने, "आपलं बाळ रडत का नाही हो?"

उत्तर देऊन उपयोग नव्हता. तिने वळून पाहिलं, तेव्हा तिच्या कुशीत ते उघडं तोंड होतं, थरथरणारी जीभ होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि आवाज नव्हता. तिने बाळाच्या तोंडाला हात लावला. मग स्वतःच्या कानाला. आणि मग ती किंचाळली... स्वतःची किंकाळीही तिला ऐकू आली नाही!

'मीच घालत होतो.' नवऱ्याच्या आवाजातलं तिने ऐकलेलं अखेरचं बोलणं हे होतं. आणि ते खोटं होतं.

घरी जाताना फाटकापाशी तिने त्याला थांबवलं. बाळ आजोबांच्या खांद्यावर होतं. तिला आपला आवाज किती मोठा निघतोय हे कळत नव्हतं. शेडमधले कामगार हातातलं काम टाकून बघत राहिले.

"तुम्ही येऊ नका आत! जीव वाचवलात म्हणे सही करून! पण घेतला कुणी होता आधी? माझ्या बाबांनी तुम्हाला घर दिलं, मुलगी दिली, त्यांच्या नावाला तुम्ही काळं फासलंत. माझी मुलगी मला 'आई' म्हणेल तेव्हा मला ते..."

तिला पुढे बोलवेना. त्याने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण तिने डोळे मिटून घेतले. आता तिला एवढंच पुरत होतं. डोळे मिटले, की त्याचं बोलणं संपलं.

तो गेला. पिल्लं उबवणाऱ्या एका केंद्रात त्याला काम मिळालं. दिवसभर अंडी उजेडासमोर धरायची, आतला जीव वाढतोय की नाही ते पाहायचं, मेलेली बाजूला काढायची. सायकलदुरुस्तीच्या दुकानावर एक खोली घेतली होती, तीत एक खाट आणि एक स्टोव्ह. सुट्टीच्या दिवशी तो फाटकापाशी येऊन उभा राही, आणि बाबा पिल्लूला घेऊन बाहेर येत. आपण होऊन येत, कुणी सांगावं लागत नसे. जाळीतून बोट आत घालून तो मुलीच्या गालाला लावी. एवढ्या वेळात बाबा कधी त्याच्या नजरेला नजर देत नसत.

एकदा ते म्हणाले, "जावईबापू, मी त्या दिवशी..."

"ऊन लागेल तिला, बाबा," तो घाईने म्हणाला. "आत न्या."

त्याला ते ऐकायचंच नव्हतं. कशासाठी ऐकायचं? तिचे कान गेले होते, नवरा गेल्यात जमा होता. बाप तेवढा तिच्यापाशी शाबूत होता. तोही काढून घ्यायचा?

पण घराच्या आत वेगळंच चाललं होतं. ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून येत. लेक जिद्दीची, बघता बघता तिला कामगारांचं कळू लागलं, दूधवाल्याचं कळू लागलं. फक्त बापाचं कळेना. बाबांच्या मिशा चांगल्या दाट, खालचा ओठही झाकून टाकणाऱ्या! उभ्या आयुष्यात त्या मिशांना त्यांनी पीळ देण्यापलीकडे दुसरा हात लावला नव्हता.

"काढा की हो बाबा मिशी," ती विनवायची. "मला तुमचं काही कळत नाही."

बाबा मान हलवत. वरवर हसून नाही म्हणत. खरं कारण त्यांचं त्यांना ठाऊक होतं. त्या केसांच्या झुडपाआड लपायला त्यांना बरं वाटत होतं. ज्या लेकीशी ते जन्मभर बोलले, तिला आता आपले ओठ दिसू नयेत, असं त्यांना वाटत होतं! मग एकाच ताटाशी बसून बापलेक मुकाट जेवत, आणि पिल्लू दोघांच्या मध्ये चमचा आपटत असे. तो आवाज एकालाच ऐकू येई.

आणि पावडर? नवी बॅच आली तेव्हा बाबांनी ती टाकली नाही. त्यांनी कान पकडले होते. मग आठवडाभरात पिल्लं माना टाकू लागली. शेडमधल्या जंतूंना आता बिनधोक रान मिळालं होतं. रोज सकाळी ते मेलेल्यांच्या टोपल्या उचलू लागले. जावई असता तर पशुवैद्याला बोलावून आणलं असतं, शेड धुऊन मोकळी ठेवली असती, काहीतरी मार्ग निघाला असता. बाबांनी मात्र कुलूप उघडलं. तीच जुनी भीती, आणि डबा त्याहून कडक पावडरीचा.

पिल्लू पावलं टाकू लागली होती तेव्हा तिला ताप आला.

निरोप मिळताच तो अंडी तशीच टाकून धावत सुटला. दवाखान्याच्या त्याच खोलीत, त्याच डॉक्टरीणबाई. पलंग मोठा आणि त्यावर मुलगी एवढीशी. फणफणलेली, डोळे अर्धवट मिटलेली. आई तिचे तळपाय चोळत होती. तिने दारात उभ्या असलेल्या नवऱ्याला पाहिलं आणि मान फिरवली, पण जा म्हणाली नाही.

"लघवीत संसर्ग दिसतोय," बाई बाबांना म्हणाल्या. "पोल्ट्रीतलं औषध जावई गेल्यापासून बंद आहे ना? बरोबर वर्ष होत आलं. मग आधी साधंच सुरू करते. लहान जीव आहे, उगाच कडक नको."



जावयाने बाबांकडे पाहिलं. तोच राखेसारखा चेहरा! तेच हलणारे ओठ! क्षणात त्याला सगळं उमगलं. तो पुढे झाला. "डॉक्टर, थांबा. मी... मी अधूनमधून शेडवर जाऊन..."

"गप्प बसा, जावईबापू!"

बाबांचा आवाज फुटला होता. त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली.

"बंद नाही झालं, डॉक्टर. चालूच आहे. आधीपेक्षा कडक आहे." त्यांनी नाव सांगितलं. "मी घालतो. पहिल्यापासून मीच घालत आलो. या पोराने कशाला हातसुद्धा लावला नव्हता. माझी लेक मला सोडून जाईल म्हणून मी तोंड शिवून बसलो, आणि हा... हा मला झाकत बसला! आता माझ्या नातीला चुकीचं औषध देऊ नका हो! पाया पडतो तुमच्या!"

डॉक्टरीणबाई उठल्या आणि नर्सला हाका मारत बाहेर गेल्या. मुलीची आई एकाकडून दुसऱ्याकडे पाहत होती. बापाचे खांदे गदगदताना तिला दिसत होते, मिशा ओल्या झालेल्या दिसत होत्या.

"काय म्हणताहेत बाबा?" तिने विचारलं. "अहो, कुणीतरी सांगा ना! पिल्लूला काय झालंय?"

"बरी होईल," नवरा तिच्याकडे तोंड करून, एकेक अक्षर सुटं करत म्हणाला. "योग्य औषध मिळालंय." वर्षभरात तिने पहिल्यांदाच त्याचे ओठ शेवटपर्यंत वाचले.

खरंच बरी झाली पिल्लू. पावडरीचं नाव वेळेवर कळलं, औषध वेळेवर लागलं, आणि डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत तेल घालून तिला जपलं. ताप उतरल्यावर नर्सने तिच्या कानामागे चुटकी वाजवली. ती गर्रकन वळली. तेव्हा बाबा बाहेरच्या बाकावर येऊन बसले. जावई शेजारी बसला.

"तू सांग तिला," बाबा म्हणाले. 'जावईबापू' गेलं होतं, 'तुम्ही' गेलं होतं. "माझं तिला कळत नाही. तुझे ओठ कळतात."

"नाही, बाबा."

"अरे, माझ्यासाठी किती जाळून घेशील स्वतःला!"

"तुमच्यासाठी नाही." "ती तापात होती, शुद्ध हरपत होती, तरी म्हणाली... माझे बाबा असं करायचे नाहीत. तेवढंच धरून ती तगली, बाबा. तिला आता नवऱ्यावाचून जगायची सवय झालीय. बापावाचून कशी जगेल? आणि मीही गप्पच बसलो होतो की! मला सगळं ठाऊक होतं. मी काही धुतल्या तांदळासारखा नाही."

बाबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. हजारो चोची पाण्याला लावलेले ते हात... मग ते उठले आणि काही न सांगता जिना उतरून गेले.

तासाभराने ते परत आले, तेव्हा दारातल्या नर्सने त्यांना अडवलं, "आजोबा, कुणाकडे?" जावई ताडकन उभा राहिला. मुलीला कुशीत घेऊन बसलेल्या लेकीने आधी अनोळखी नजरेने पाहिलं, मग तिचे डोळे विस्फारले.

मिशी नव्हती. त्या जागी पांढुरकी, ऊन कधी न पाहिलेली कातडी होती, वस्तऱ्याने एका जागी जराशी कापलेली, आणि तिच्याखाली दोन पातळ, म्हातारे, थरथरणारे ओठ होते. लेकीने ते जन्मात पाहिले नव्हते.

बाबा तिच्यासमोर स्टूल घेऊन बसले. "पावडर मी घातली," ते म्हणाले.

तिने कपाळाला आठ्या घातल्या. आपण चुकीचं वाचलं असं तिला वाटलं. "पुन्हा सांगा," ती म्हणाली. "हळू."

"पावडर... मी... घातली. पाण्यात. यांनी नाही. मी."

"पुन्हा."

काय ती शिक्षा! जे एकदा उच्चारायला त्यांना वर्ष लागलं, ते त्यांना तीनदा सांगावं लागलं, एकेक अक्षर वेगळं करून, ओठ पुरते उघडून, लेकीच्या डोळ्यांत पाहत. तिसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज बाहेर आलाच नाही, पण तिला आवाज लागतच नव्हता. तिला सगळं कळलं. तिचा चेहरा आधी रिकामा झाला, मग पांढराफटक पडला.

"मग यांनी का..." तिला वाक्य पुरं करता येईना.

"तुझ्यासाठी. तुला बाप उरावा म्हणून."

पिल्लूचं डोकं तिने छातीशी घट्ट धरलं. "बाबा," शेवटी ती म्हणाली, तिच्या त्या नव्या, सपाट आवाजात, "तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा."

बाबा उठले. दारापर्यंतचं अंतर त्यांना फार लांब वाटलं असावं. भिंतीला धरत धरत ते गेले. लेक त्यांच्या पाठीकडे पाहत होती. त्यांना परत हाक मारण्याइतकं तिचं मन आज तरी मोठं नव्हतं, आणि पुढे कधी होईल हे तिलाही ठाऊक नव्हतं.

मग तिने खिडकीकडे मान वळवली. तिथे तो भिंतीला पाठ लावून उभा होता. वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं एकदम उसळून आलं होतं. हुंदका बाहेर पडू नये म्हणून त्याने दोन्ही तळहात तोंडावर घट्ट दाबून धरले होते, आणि त्याआडून तो काहीतरी बोलत होता, सारखं, तुटक तुटक बोलत होता.

तिने पिल्लूला उशीवर ठेवलं. ती त्याच्यापाशी गेली आणि तिने त्याची मनगटं धरली.

"अहो," ती म्हणाली, "हात काढा ना तोंडावरचे... मला ऐकू येत नाहीये."